टॅपेट घरी की गॅरेजात?

लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात शेतावर जाणारी मोटरसायकल टकटक वाजू लागली की टॅपेट आठवतो. खरा धोका मात्र न वाजणाऱ्या इंजिनात असतो. 4000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 2000 वेळा सीटवर आदळतो. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि रॉकर व व्हॉल्व्हमधला गॅप घटतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो; टेकलाच नाही तर जळतो. म्हणून कानावर नव्हे, गॅप मोजणाऱ्या फिलर गेजवर विश्वास ठेवावा.

रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट असलेल्या साध्या इंजिनात टॅपेटचा गॅप बसवण्याचे काम घरी जमते. इंजिन थंड हवे, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला हवा आणि गॅप मॅन्युअलप्रमाणे. गेजची पत्ती किंचित अडत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून शेवटी पुन्हा मोजावे. मेकॅनिकचा हात सरावलेला असतो, हा आक्षेप रास्त आहे. पण गरम इंजिनावर घाईत बसवलेला टॅपेट सरावानेही अचूक होत नाही. स्क्रूऐवजी गॅप ठरवणारी शिम असेल आणि ती बदलायला कॅमशाफ्ट काढावा लागत असेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र मजुरी मोजणेच शहाणपणाचे.