कार्लाइल शाळेचा १९१२ चा फुटबॉल-हंगाम : विजयाचा अर्थ कोणाचा?

क्रीडेचा इतिहास हा गुणफलकाचा इतिहास होय, अशी एक समजूत विद्वानांतही आढळते. तथापि एखाद्या संघाचा एकच हंगाम बारकाईने तपासला असता शिक्षणनीती, अर्थव्यवहार आणि राज्यसत्ता यांचे धागेदोरे त्यात कसे गुंतलेले असतात, हे ध्यानी येते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल येथील मूळनिवासी मुलांच्या शाळेचा १९१२ सालचा फुटबॉल-हंगाम हे याचे उत्तम उदाहरण आहे. येथे फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. रग्बीपासून निघालेला व हातात चेंडू घेऊन धावण्यास मुभा देणारा अमेरिकन खेळ होय.

प्रथम संस्थेविषयी. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये एका जुन्या लष्करी छावणीत ही शाळा स्थापन केली. मूळनिवासी मुलांना त्यांच्या घरापासून दूर आणावे, त्यांचे केस कापावेत, भाषा व नावे बदलावीत आणि त्यांना गोऱ्या समाजात विरघळवून टाकावे, हे तिचे उघड धोरण होते. अनेक मुले तेथेच दगावली. त्यांच्या थडग्यांची संख्या दीडशेहून अधिक भरते. शाळेतील अभ्यासक्रम महाविद्यालयीन दर्जाचा नव्हता. अर्धा दिवस पुस्तकी शिक्षण व अर्धा दिवस हातकाम, असा तो होता. मात्र विद्यार्थ्यांत प्रौढ वयाचे तरुण पुष्कळ असल्याने तिचा फुटबॉल-संघ महाविद्यालयांशी सामने खेळे, आणि म्हणूनच त्याची गणना महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासात होते.

या हंगामाचे यश समजण्यासाठी नियमांतील फेरबदल ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शतकाच्या आरंभी हा खेळ म्हणजे शरीरभाराची झुंज होती. दोन्ही संघ एकमेकांवर दाटीवाटीने आदळत आणि मृत्यूही घडत. १९०५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना पाचारण करून खेळ सुधारण्याविषयी बजावले. पुढील वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणे, यास मान्यता मिळाली. १९१२ च्या नियमांनी हा प्रवाह आणखी पुढे नेला. दहा यार्डांचे अंतर कापण्यास तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आले. टचडाऊनचे मोल पाचावरून सहा गुण झाले. आणि पास वीस यार्डांपलीकडे जाऊ नये, ही अट रद्द झाली. या सर्वांचा फलितार्थ असा की, वजनापेक्षा वेगाला व बळापेक्षा युक्तीला अधिक किंमत आली.

कार्लाइलचे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेने बहुधा हलके असत. म्हणून त्यांचा प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर याने फसव्या चाली, मोकळी रचना आणि धाव यांवर भर दिला होता. १९०७ मध्येच या संघाने पासचा उपयोग करून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास २६–६ असे हरविले होते. १९११ मध्ये हार्वर्डवर १८–१५ असा विजय मिळाला. त्यांतील चार फील्ड गोल जिम थॉर्प या एकाच खेळाडूचे होते. नव्या नियमांनी कार्लाइलला नवे कौशल्य दिले, असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या अंगी असलेल्या कौशल्यास वाव दिला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

१९१२ च्या उन्हाळ्यात सॅक अँड फॉक्स जमातीच्या थॉर्पने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या आणि शरद ऋतूत तो शाळेच्या संघात परतला. व्हिलानोव्हावर ६५–०, सिरॅक्यूजवर ३३–०, पिट्सबर्गवर ४५–८ अशी विजयांची मालिका सुरू झाली. केवळ वॉशिंग्टन अँड जेफरसन महाविद्यालयाने ०–० अशी बरोबरी साधली. ९ नोव्हेंबर रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीशी गाठ पडली. अकादमीच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला तरुण होता. पुढे ‘डबल विंग’ म्हणून प्रसिद्ध झालेली रचना वॉर्नरने याच सामन्यात वापरली, असे सामान्यतः मानले जाते. कार्लाइलने चार टचडाऊन करून २७–६ असा विजय मिळविला.

वूंडेड नी येथील हत्याकांडास तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. ज्या सैन्याने आपल्या वाडवडिलांना जमिनीवरून हुसकावले, त्याच सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांवर मिळविलेला हा विजय खेळाडूंना किती अर्थपूर्ण वाटला असेल, याची कल्पना करता येते. परंतु येथे साधनांच्या चिकित्सेचा एक प्रश्न उद्भवतो. लोकप्रिय कथनांत हा विजय जवळजवळ एकट्या थॉर्पचा ठरतो. समकालीन वृत्तपत्रांत मात्र अॅलेक्स आर्कासा याच्या टचडाऊनना मोठे स्थान आहे. क्वार्टरबॅक गस वेल्च याच्या संघनियमनाचाही कथनांना विसर पडतो. स्मृतीला एक नायक पुरतो. इतिहासाला संघ लागतो.

त्यानंतरच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे नमविले. हंगामातील हा एकमेव पराभव होय. अखेरच्या सामन्यात ब्राउन विद्यापीठावर ३२–० असा विजय मिळाला आणि बारा विजय, एक पराभव व एक बरोबरी, असा हिशेब पुरा झाला.

परंतु दुसरा एक हिशेब शिल्लक होता. संघाचे बहुतेक मोठे सामने परगावी होत, कारण तेथे प्रेक्षक व तिकिटांचे उत्पन्न अधिक असे. हा पैसा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई आणि त्याच्या विनियोगावर पुरेशी देखरेख नसे. पुढे गस वेल्च याच्या पुढाकाराने दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला आणि १९१४ मध्ये काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने चौकशी केली. तीत अधीक्षक मोझेस फ्रीडमन याचा कारभार, क्रीडानिधीचा वापर आणि वॉर्नरची खेळाडूंशी असलेली वर्तणूक यांवर साक्षी झाल्या. फ्रीडमन निलंबित झाला. वॉर्नर त्या वर्षीच्या हंगामानंतर पिट्सबर्गला गेला. मैदानावर शाळेचे नाव गाजविणाऱ्या तरुणांनीच शाळेला जाब विचारला, ही गोष्ट २७–६ या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

थॉर्पच्या वाट्याला वेगळा अन्याय आला. त्याने १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याचे १९१३ च्या जानेवारीत उघड झाले आणि हौशीपणाच्या नियमावर बोट ठेवून त्याची ऑलिंपिक पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये त्यास सहविजेता मानण्यात आले. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव २०२२ मध्ये पुन्हा नोंदले गेले. तोवर त्याच्या निधनास जवळजवळ सत्तर वर्षे लोटली होती.

शाळा १९१८ मध्ये बंद पडली आणि तिच्या इमारती लष्कराकडे परत गेल्या. २०१७ पासून तेथे पुरलेल्या काही मुलांचे अवशेष त्यांच्या आप्तांकडे पोचविण्यात येऊ लागले. २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

या हंगामाचा अर्थ मग काय लावावा? शाळेच्या चालकांनी त्यात आपल्या विलीनीकरणाच्या धोरणाची सफलता पाहिली. परंतु उपलब्ध पुरावा दुसरीकडे बोट दाखवितो. भिन्न भिन्न जमातींचे हे तरुण सक्तीने एकत्र आणले गेले. त्यांनी परक्यांचा खेळ आत्मसात केला, पण तो आपल्या ढंगाने खेळून त्या खेळाचे रूपच पालटण्यास हातभार लावला. सत्तेने दिलेल्या साधनाचा उपयोग सत्तेच्या हेतूपलीकडे करता येतो, हे यावरून दिसते. मात्र हा विजय त्या संस्थेच्या समर्थनार्थ पुढे करणाऱ्यांस तिच्या थडग्यांचा हिशेब टाळता येणार नाही. गुणफलक आणि दफनभूमी ही दोन्ही एकाच संस्थेची साधने आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचणे हेच अभ्यासकाचे कर्तव्य होय.