पेट्रोल कोणत्या कंपनीचे भरावे?

‘अमुक कंपनीच्या पेट्रोलवर गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते,’ असे घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचे साधे पेट्रोल एकाच सरकारी मानकानुसार तयार होते. सोयीनुसार या कंपन्या एकमेकींच्या रिफायनरीतूनही माल उचलतात. एकाच शहरात दरातला फरकही पैशांचाच असतो.

मग महागडे ‘प्रीमियम’ पेट्रोल घ्यावे का? ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, तर दाबाखाली इंधन आपोआप पेट न घेण्याचा गुण. जास्त दाबाच्या इंजिनालाच त्याचा खरा फायदा मिळतो. साध्या स्कूटरमध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरणे म्हणजे पैसे उधळणेच. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका सांगेल तेच इंधन भरा.

अ‍ॅव्हरेज घटण्याचे एक कारण इथेनॉलही आहे. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर गाडी थोडी कमी धावते, मग कंपनी कोणतीही असो.

म्हणून नाव पाहण्यापेक्षा पंप पारखा. मीटर शून्यावर आहे ना, हे पाहा. शंका आल्यास पाच लिटरच्या मापाने मोजून मागा. तो आपला हक्कच आहे. टायरमध्ये योग्य हवा ठेवा आणि वेग आवरा. खरी बचत इथेच होते.