पडत्या बाजारातील गिऱ्हाईक

कापडाचा भाव उतरला की दुकानात गिऱ्हाईक वाढते. शेअरचा भाव उतरला की गिऱ्हाईक पळते. कंपनी तीच, कारखाना तोच. तरी काल धावत घेणारा आज मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो.

१९९२ ची ईद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली होती. हंगामाची वसुली गल्ल्यात होती, गिरणीचे देणे महिनाभर लांब होते. वर्षारंभी दोन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २२ एप्रिलला ४,४६७ वर पोहोचला. मी तेविशीत होतो. वडिलांना न विचारता ती रक्कम शेअरमध्ये घातली. दुसऱ्याच दिवशी बँकांच्या रोखे व्यवहारांतील घोटाळ्याची बातमी छापून आली आणि २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात ५७० अंशांनी कोसळला.

देण्याची तारीख आली तेव्हा वडिलांना सांगावेच लागले. मग आम्ही विकले काय? वडिलांनी फार पूर्वी घेतलेले, नफ्यातले शेअर! माझे तोट्यातले मात्र 'मुद्दल निघेपर्यंत' म्हणून ठेवले. दुकानात असे आम्ही कधी केले नसते. न खपणारे ताके आधी कटपीसच्या भावात काढायचे, चालता माल ठेवायचा, हे मला कळत होते. ही खोड माझ्या एकट्याची नाही. टेरन्स ओडीन या अमेरिकन अभ्यासकाने दहा हजार खाती तपासून १९९८ साली हेच दाखवले. लोक नफ्यातले लवकर विकतात, तोट्यातले धरून बसतात. आणि विकलेलेच पुढे अधिक चालतात.

ज्यांनी बदल्यावर, म्हणजे व्याज भरून सौदे पुढे ओढले होते, त्यांना ठेवायचे की विकायचे हे ठरवण्याचीही मुभा राहिली नाही. भाव पडला की दलाल मार्जिन मागे, ते नसेल तर माल काढावा लागे, त्याने भाव आणखी पडे. (बदला २००१ साली बंद झाला, पण उसन्या पैशावरचे सौदे आजही आहेत.)

२३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या धास्तीने, सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला. मध्ये ४५ मिनिटे व्यवहारच थांबवावे लागले. त्या महिन्यात परदेशी संस्थांनी साठ हजार कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकले. नोव्हेंबरात निर्देशांक जानेवारीच्या उच्चांकापलीकडे गेला होता. त्या खेपेला दुकान बंद होते, पण उसने काही नव्हते. मी काहीच विकले नाही.

१९९२ ची दोन प्रमाणपत्रे अजून कपाटात आहेत. त्या कंपन्यांचा आता बाजारात सौदाच होत नाही.