कवळी नीट का बसत नाही?
पूर्ण कवळी टाळूला धरून राहते ती मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे. फट वाढली की पकड सुटते. नेहमीच्या पद्धतीत अ‍ॅक्रिलिकची भुकटी द्रवात कालवून तो गोळा प्लास्टरच्या साच्यात दाबतात आणि गरम पाण्यात शिजवतात. घट्ट होताना हे मिश्रण आकारमानाने सुमारे ७ टक्के आकसते. त्याचा फटका बसतो टाळूच्या मागच्या कडेला. तिथे कवळी किंचित उचलली जाते. इंजेक्शन पद्धतीत दाबाखाली जादा मिश्रण आत येत राहते, म्हणून ही तूट बरीच भरून निघते. आधीच घट्ट झालेल्या ठोकळ्यातून संगणकाच्या मदतीने कोरलेली कवळी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिचे आकसणे कोरण्यापूर्वीच उरकलेले असते. थ्रीडी छपाईत थरांचा कोन आणि नंतरचा प्रकाशोपचार, दोन्ही सांभाळावे लागतात.