पूर्वरूप आणि पूर्ती : हिब्रू धर्मग्रंथाचे ख्रिस्ती वाचन



मराठीच्या अध्यापकाने बायबलसारखा विषय का निवडावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण मराठीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ख्रिस्ताविषयीचा; पण त्याचे 'पहिले पुराण' मात्र आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथांचे आहे. हा पूर्वभाग निव्वळ प्रस्तावना म्हणून वाचणाऱ्यास ग्रंथाची रचना उमगत नाही. तारणाऱ्याचे आगमन आदामापासूनच सुरू होते, ही त्यामागची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची वाचनपद्धती आज समजून घेऊ.

'मशीहा' या हिब्रूतून आलेल्या शब्दाचा अर्थ 'अभिषिक्त'. 'ख्रिस्त' हे त्याचेच ग्रीक भाषांतर. येशू हाच तो अभिषिक्त, असे मानणाऱ्या पहिल्या पिढीसमोर धर्मग्रंथ एकच होता, हिब्रू धर्मग्रंथ. त्यात त्यांना येशूची चिन्हे दोन प्रकारे दिसली. पहिला प्रकार संदेष्ट्यांच्या वचनांचा. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म : पूर्वी होऊन गेलेली व्यक्ती, घडलेली घटना किंवा एखादी वस्तूच पुढच्या गोष्टीचा आकार धारण करून असते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आदामाला येणाऱ्याचा 'टुपोस' म्हटले आहे. आघाताने उमटलेली खूण, ठसा, असा या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ. मी त्यासाठी 'पूर्वरूप' हा शब्द वापरतो.

आपल्या साहित्यशास्त्रातील रूपकाशी याची गल्लत होऊ नये. मुखचंद्र म्हणताना चंद्र केवळ मुखासाठी येतो. पूर्वरूपात मात्र दोन्ही बाजू खऱ्या मानल्या जातात. मोशे खरा, त्याचे कार्य खरे. आणि ते खरे असूनही अपुरे, पूर्तीची वाट पाहणारे. हा अवतारवादही नव्हे. अवतारात तोच ईश्वर पुन्हा प्रकटतो. येथे मोशे हा मोशेच राहतो, येशू होत नाही.

काही उदाहरणे पाहू. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम आपल्या लाडक्या पुत्राला, इसहाकाला, अर्पण करण्यास निघतो आणि होमाची लाकडे त्या मुलाच्याच खांद्यावर देतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःचा वधस्तंभ स्वतः वाहतो. ख्रिस्ती वाचकाला या दोन चित्रांत एकच रेषा दिसते. मात्र इसहाक वाचतो, त्याच्या जागी एडका अर्पण होतो. येशूला सुटका नाही. हा फरक साम्याइतकाच बोलका आहे. दुसरे उदाहरण वल्हांडणाच्या कोकराचे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात त्या कोकराचे हाड मोडू नये, अशी आज्ञा आहे. वधस्तंभावर येशूचे पाय मोडले गेले नाहीत, हे नोंदवताना योहान हेच शास्त्रवचन पुढे ठेवतो. तिसरे उदाहरण पितळी सापाचे. गणनेच्या एकविसाव्या अध्यायात मोशे तो खांबावर उंचावतो आणि सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचतात. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतःच्या उंचावले जाण्याची तुलना त्याच्याशी करतो.

सर्वांत नवलाचे उदाहरण मलकीसदेकाचे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात हा शालेमचा राजा आणि याजक भाकर व द्राक्षारस घेऊन येतो, अब्राहामाला आशीर्वाद देतो आणि तीन वचनांत कथेतून नाहीसा होतो. त्याच्या मातापित्यांचा उल्लेख नाही. इब्री लोकांस पत्राचा कर्ता नेमके या मौनावरच बोट ठेवतो : ज्याला आरंभ ना शेवट, असा हा याजक देवपुत्राचे पूर्वरूप होय.

ही पद्धती केवळ कल्पनाविलास नव्हती. दुसऱ्या शतकात मार्कियनाने हिब्रू धर्मग्रंथाचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा असे शिकवून जुने ग्रंथ टाकून दिले. चर्चने त्याला बाहेर काढले आणि जुना करार राखला. तो राखण्याचे एक मोठे साधन म्हणजे पूर्वरूपाचे वाचन.

पण याच वाचनाला एक काळी बाजू आहे. पूर्ती झाली, तर पूर्वरूपाचे काय? ते कालबाह्य झाले, आणि ते जपणारा यहुदी समाजही कालबाह्य झाला, असा निष्कर्ष शतकानुशतके काढला गेला आणि त्याची किंमत यहुद्यांनी मोजली. एरिख आउअरबाख हे यहुदी विद्वान नाझी राजवटीत मारबुर्गचे प्राध्यापकपद गमावून इस्तंबूलला गेले. तेथून १९३८ मध्ये त्यांनी 'फिगुरा' हा निबंध प्रसिद्ध केला. पूर्वरूप आणि पूर्ती दोन्ही ऐतिहासिक वास्तव आहेत, हा त्याचा गाभा. जुना करार ख्रिस्ती धर्मातून काढून टाका, असे म्हणणारे तेव्हा जर्मनीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विवेचनाचे मोल कळते. पुढे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांना देवाने टाकलेले वा शापित लोक म्हणून दाखवू नये, असे जाहीर केले.

यहुदी परंपरेत या कथा स्वयंपूर्ण आहेत. इसहाकाची कथा नववर्षाच्या उपासनेत वाचली जाते, योनाचा ग्रंथ प्रायश्चित्ताच्या दिवशी. मलकीसदेक म्हणजे नोहाचा पुत्र शेम, असे तालमूद मानतो. यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याच पुरुषांची चरित्रे मराठी कीर्तनांत गायिली. म्हणजे आपल्या भाषेत अब्राहाम दोनदा आला : एकदा ओवीतून, येणाऱ्याची चाहूल देत, एकदा कीर्तनातून, स्वतःच्याच थोरवीने.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा नियम मला साधा वाटतो. कथा आधी तिच्या स्वतःच्या घरात वाचावी, मग तिच्यावर पडलेला पुढचा प्रकाश पाहावा, आणि तो प्रकाश कोणाच्या श्रद्धेचा आहे हे स्पष्ट म्हणावे. मलकीसदेकाविषयी ग्रंथ गप्प आहे, इतके आपण सर्वांनी मिळून वाचू शकतो. त्या मौनाचा अर्थ लावताना वाटा वेगळ्या होतात. जेथे त्या वेगळ्या होतात ती जागा नीट दाखवून देणे, एवढे काम शिक्षकाचे आहे.