फांदीला फांदी लागेना

भारतात माकडांच्या जाती पुष्कळ, पण कपी एकच: हूलॉक गिबन. शेपूट नाही, वजन फार तर सहा ते नऊ किलो, हात मात्र पायांहून कितीतरी लांब. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला आणि दिबांगच्या पूर्वेला, पलीकडे बांगलादेश आणि म्यानमारपर्यंत त्याचा वावर आहे. आसामी माणूस त्याला ‘हलौ बांदर’ म्हणतो. पिल्लू जन्मते तेव्हा पांढुरके असते, काही महिन्यांत काळे होते. नर पुढे जन्मभर काळाच राहतो. मादी वयात आली की पुन्हा रंग पालटते आणि तांबूस-पिवळी होते. त्यामुळे एकाच फांदीवर बसलेले जोडपे पाहून नवखा माणूस दोन वेगळ्या जाती समजतो.

जातींचा घोळ शास्त्रज्ञांनाही चुकलेला नाही. भारतात पश्चिमी आणि पूर्वेकडील असे दोन हूलॉक आहेत, असे बरीच वर्षे मानले जाई. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील संशोधकांनी जनुकीय तपासणी केली आणि भारतात एकच जात आहे असा निष्कर्ष काढला. तो एक, म्हणजे पश्चिमी हूलॉक. जागतिक यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. जगातल्या सर्वाधिक धोक्यातील पंचवीस नरवानरांच्या 2006-08 च्या यादीत त्याचे नाव होते. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसतो. कागदावर याहून मोठा मान नाही.

त्या मानाचा जमिनीवर काय उपयोग होतो, ते जोरहाट जिल्ह्यात, मरियानी जंक्शनजवळच्या होलोंगापार अभयारण्यात दिसते. 1881 साली राखीव झालेले हे जंगल 1997 मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्रफळ जेमतेम 20.98 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत सात जातींचे नरवानर राहतात. त्यांत हूलॉक सुमारे सव्वाशे. एकेकाळी हे रान नागालँडच्या पायथ्याच्या जंगलांशी सलग होते. 1880 ते 1920 या काळात चहाचे मळे वाढत गेले आणि रानाचे बेट झाले. आपल्या घरोघरी उकळतो त्या चहात आसामचा वाटा मोठा, तेव्हा या बेटाशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही.

चहाचे झुडूप कमरेएवढे. गिबनला ते उघड्या माळासारखेच. तो चालतो फांद्यांवरून, किंबहुना फांद्यांखालून. बोटांचा आकडा करून फांदी धरायची, अंग झोकून द्यायचे, दुसऱ्या हाताने पुढची फांदी गाठायची. अंगठा मध्ये येत नाही, कारण तो मनगटाकडे खाली सरकलेला असतो. अंजिर-उंबरांच्या जातीची फळे खायची, बिया दूर नेऊन टाकायच्या, सकाळी नर-मादीने मिळून रान दणाणून सोडणारी हाळी द्यायची, हे सगळे वरच्या वर. जमिनीवर तो क्वचितच उतरतो, आणि उतरला तर कुत्र्यांच्या तावडीत सापडण्याची भीती असते. म्हणून त्याच्यासाठी जंगल किती हेक्टर आहे याला फारसा अर्थ नाही. फांदीला फांदी लागते की नाही, एवढाच प्रश्न.

होलोंगापारमध्ये ती लागत नाही. 1887 साली टाकलेला लोहमार्ग या अभयारण्यातून 1.65 किलोमीटर जातो. त्याने जंगलाचे दोन तुकडे झाले. धाकटा सुमारे दीडशे हेक्टरांचा, बाकीचे सगळे पलीकडे. रुळांची रुंदी पावणेदोन मीटरसुद्धा नाही. फट पडते ती दोन्ही बाजूंना मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याने. धाकट्या तुकड्यात मोजकी कुटुंबे अडकली आहेत. वयात आलेल्या पिल्लाने घर सोडून जोडीदार शोधायचा ही गिबनांची रीत. इथे शोधायचा कुठे? मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही दोन-तीन वर्षांनी. अशा जातीत नात्यातल्या नात्यात जोड्या जमू लागल्या तर वंश झपाट्याने कमकुवत होतो, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. मोजणीचा आकडा तसाच राहतो.

उपाय झाले नाहीत असे नाही. 2015 मध्ये रेल्वेने लोखंडी पूल उभारला. गिबनांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. लोखंड तापते, डोलत नाही, हाताला फांदीसारखे लागत नाही. हे पूल बांधणाऱ्याने आधी विचारायला हवे होते, असे मला वाटते. त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोरांच्या पुलांचा आराखडा तयार केला.

दोर चालतो याचा पुरावा चीनच्या हायनान बेटावर आहे. तिथला गिबन 1970 च्या दशकात दहाच्या आत आला होता, आता चाळिशीच्या आसपास आहे. 2014 च्या वादळात दरड कोसळून त्याच्या वाटेत सुमारे पंधरा मीटरची फट पडली. 2015 च्या डिसेंबरात तिथे गिर्यारोहणाचे दोन दोर ताणले गेले. पहिला गिबन त्यावरून गेला तो जवळपास सहा महिन्यांनी. माद्या आणि पिल्ले सरावली. मोठे नर मात्र उडी मारूनच पलीकडे जात राहिले. म्हणजे दोरही सगळ्यांना पटत नाही.

दरम्यान दुसरीकडून तेल येते आहे. तिनसुकिया जिल्ह्यातल्या बरेकुरी गावात हूलॉक लोकांच्या परसातल्या झाडांवर राहतात आणि गावकरी ती झाडे जपतात. 27 मे 2020 रोजी जवळच्या बाघजानची वायूविहीर फुटली, 9 जूनला पेटली आणि पाच महिन्यांहून अधिक काळ धुमसत राहिली. हे माहीत असूनही 2024 च्या डिसेंबरात होलोंगापारच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात तेल-वायूच्या शोधविहिरीला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने परवानगी दिली.

आणि लोहमार्गाचे विद्युतीकरण व दुपदरीकरण हा विषय उभाच आहे. पंचवीस हजार व्होल्टची तार वर आली की काठावरच्या फांद्या कायम छाटाव्या लागणार. दोर टांगून त्यावर तोडगा निघाला असे रेल्वे म्हणेल. मला विचाराल तर दुसरा रूळ अभयारण्याबाहेरून, चहाच्या मळ्यांतून न्यावा, आणि जमलेच तर पहिलाही. मळ्याच्या मालकाला मोबदला देता येतो.