शोधपट्टीतला पांढुर्णा

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. त्यांची माहिती मराठी विकिपीडियासारख्या, अनेकांनी मिळून लिहिलेल्या कोशात थेट ब्राउझरमधून शोधता येते. ‘ओपनसर्च’ हे २००५ चे मानक त्यासाठीच आहे. संकेतस्थळ छोट्या फाइलमधून आपल्या शोधाचा पत्ता देते, त्यात शब्दापुरती जागा मोकळी असते आणि ब्राउझर ती भरतो. जोडणी एवढीच!

खरी अडचण पुढे येते. कुणी ‘पांढुर्णा’ लिहितो, कुणी ‘पांढुर्ना’. युनिकोडमध्ये ‘ण’चा क्रमांक २३३९, ‘न’चा २३४४, यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी गावे. विकिपीडियावर यासाठी एका रूपावरून दुसऱ्याकडे नेणारी पुनर्निर्देशनाची पाने असतात. तुमच्या कचेरीच्या कागदपत्रांना असाच शोध जोडणार असाल, तर गावांच्या नावांची सगळी रूपे आधी नोंदवून घ्या.